कांताआत्याचं पथ्यपाणी

कांताआत्या आजाऱ्याला "कसं वाटतंय" असं कधी विचारत नसे. ती खोलीत यायची, थेट पांघरुणाखाली हात घालून माणसाचे तळपाय चाचपायची, मग पोट बघायची आणि मग उठून खिडकी लावून घ्यायची. एवढं झालं की आजाऱ्याचा ताबा तिच्याकडे गेला, असं आमच्या घराण्यात समजत. डॉक्टरनेही तसंच समजावं, अशी तिची अपेक्षा असे.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. निलंग्याच्या एका किराणा दुकानदाराच्या घरात दिलेली. नवरा गेल्यावरही तिथेच राहिली. मूलबाळ नव्हतं. पण लातूर, उदगीर, नांदेड, नात्यात कुठेही कुणी बाळंत झालं किंवा कुणाच्या पोटावर टाके पडले, की एसटीने आत्या हजर. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि हातातल्या पिशवीत बाळंतशेपा, ओवा, सुंठ आणि जुन्या धोतरांच्या मऊ पट्ट्या. त्या पट्ट्यांनी ती पोट बांधायची. माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा मलाही तिने असं आवळलं होतं, की भेटायला आलेले शाळेतले शिक्षक धीर द्यायचं सोडून हसू दाबत बसले. मी उसाच्या मोळीसारखा दिसत होतो. पण बरा झालो, हेही खरं.

"टाके सुतानं भरत न्हाईत बाबा, तोंडानं भरतेत," असं ती म्हणायची. म्हणजे पथ्याने. टाके असेपर्यंत हिरवा पाला बंद, वांगं बंद, आंबट बंद. नाहीतर टाके पिकतात. मऊ भात आणि तूप, एवढंच. आणि कुणी फार कण्हायला लागलं की तिचं दुसरं वाक्य ठरलेलं. "दुखनं पाव्हणं हाय. त्याला पाट द्यावा, जेवू घालू नये."

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी बंडू आजारी पडली. बंडू म्हणजे माझ्या मुलीचा, सईचा, ससा. आणला तेव्हा मी तो नीट उलटासुलटा करून, नर आहे असं ठामपणे सांगितलं होतं. मी शाळेत जीवशास्त्र शिकवतो. वर्षभराने पोटाला सूज आली म्हणून दाखवायला नेलं, तर डॉक्टरांनी सांगितलं की ही मादी आहे आणि तिच्या गर्भपिशवीत गाठ आहे. पिशवी काढावी लागेल. बायकोने माझ्याकडे फक्त एकदा बघितलं. नाव मात्र बंडूच राहिलं.

सशाचं ऑपरेशन करणारं आमच्या लातुरात कुणी मिळेना. नांदेडला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी पिशवी काढली, बंडूला शुद्धीवर आणली आणि दुसऱ्या दिवशी घरी पाठवताना बजावलं, "हिचं तोंड चालू राहिलं पाहिजे. गवत, मेथी, कोथिंबीर, सतत पुढे ठेवा. सशाचं पोट थांबलं की ससा थांबतो. लेंड्यांवर लक्ष ठेवा."

घरी आलो तर दारात कांताआत्या. बायकोने फोनवर सहज सांगितलं होतं, तेवढ्यावर ती निलंग्याहून निघाली होती.

"पिशवी काढली मनं हिची?"

"हो आत्या. गाठ होती."

"लेकरं?"

"झाली नव्हती."

आत्याने टोपलीत हात घातला आणि बंडूचे पाय चाचपले. मग माझ्या बायकोला म्हणाली, "उद्या तुमी दोगंबी कामाला जावा. पोरगी कॉलेजला जाऊ दे. मी हाय."

सईने तिला सगळं समजावून सांगितलं. गवत इथे, मेथी निवडून ठेवली आहे, टोपली हलवायची नाही. आत्या प्रत्येक गोष्टीला "हाव" म्हणाली. तिचं "हाव" म्हणजे ऐकलं, एवढंच. पटलं असं नव्हे. हे आम्हा मोठ्यांना चांगलं माहीत होतं, पण सशाच्या बाबतीत ते लागू पडेल असं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सईचा घरून फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. ती रडत नव्हती, त्यामुळेच मला भीती वाटली. घरी पोचलो तर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, खिडकी बंद करून, अंगाखाली गरम विटेवर गोधडी घालून बंडूला बसवलं होतं. पोटाभोवती धोतराची पट्टी, दोन वेढे, पाठीवर गाठ. पुढ्यात वाटीभर मऊ भात आणि तूप. गवत बाहेर वऱ्हांड्यात, मेथी फ्रीजमध्ये. सकाळपासून तिच्या पोटात काही गेलं नव्हतं आणि एकही लेंडी पडली नव्हती. दात एकमेकांवर घासल्याचा बारीक आवाज येत होता.

"बरंच हाय की," आत्या म्हणाली. "जोर केला तर टाके उसवतेत. कशी गप बसली बघ. हूं का चूं न्हाई."

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावून स्पीकरवर ठेवला. त्या म्हणाल्या, "पट्टी आधी सोडा सर. आणि लगेच निघा. ससे दुखणं दाखवत नाहीत हो. जास्त दुखलं की जास्त गप्प बसतात."

आत्याने स्वतः गाठ सोडायला घेतली. आवळून मारलेली गाठ सुटेना. सई गाठीकडे हात न्यायला लागली तेव्हा मात्र तिने तिला बाजूला सारलं नाही. दोघींनी मिळून पट्टी काढली.

आम्ही गाडीने निघालो. बंडूला मांडीवर मीच घेते, असं आत्या म्हणाली, आणि कुणालाच नाही म्हणवलं नाही. सई शेजारी बसून सुईशिवायच्या सिरिंजने बंडूच्या तोंडात पातळ खाणं सोडत होती. ते ओठांवरून परत येत होतं. अहमदपूर मागे टाकलं तेव्हा आत्या मला म्हणाली, "गाडी सावकाश घे आता." मी आरशात बघितलं. सईलाही कळलं.

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. सई म्हणाली, "तुम्हीच मारलं तिला."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आत्या म्हणाली, "हाव."

हे "हाव" पटलेलं होतं.

परत येऊन मी सीताफळाखाली खड्डा खणला. पहिल्या जागी पाण्याचा पाइप लागला, तो मी फोडला, तेव्हा दुसरा खणला. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. आत्याने बंडूलाही तसंच बसवायला लावलं. सशाला बसवायला काही करावं लागलं नाही. कपाळावर विभूती लावली, बेलाचं पान ठेवलं. माती मी लोटली.

संध्याकाळी ती ओट्यावर बसली होती. मी चहा घेऊन गेलो. तिने घेतला नाही. मी काही विचारलं नव्हतं, पण ती बोलायला लागली.

"माजी पिशवी काढली तवा मी सईपेक्षा थोडीच मोठी व्हते. दोन डाव पोटातलं लेकरू गेलं, मग डॉक्टर मनला काढून टाका. घरी आणलं आन तिसऱ्या दिवशी चुलीम्होरं. कुणी पोट बांधलं न्हाई, कुणी मऊ भात केला न्हाई. सासू शेजारणीला सांगायची, बघा, आमच्या कांताला कायबी दुखत न्हाई, कशी गप काम करून राहिली."

मग म्हणाली, "मी गपच बसले व्हते रे. मला ठावं पायजे व्हतं."

ती दुसऱ्याच दिवशी निलंग्याला गेली. पट्ट्यांची पिशवी तिने विसरल्यासारखी आमच्याकडे ठेवली, विसरलेली नव्हती. त्यानंतर उदगीरला माझी पुतणी बाळंत झाली, नांदेडला मावसभावाच्या पोटाचं ऑपरेशन झालं. फोन गेले. "गुडघे दुखतेत बाबा, एसटी चढवत न्हाई," एवढंच ती म्हणाली. नात्यातल्या बायका माझ्या बायकोला विचारायच्या, आत्याला झालंय काय? सशाचं कारण सांगितलं तर हसायच्या. सई मात्र तिचं नाव घेत नसे.

गेल्या पावसाळ्यात आत्यालाच लातूरला दवाखान्यात आणावं लागलं. पोटात गाठ होती, यकृतापर्यंत पसरलेली. ऑपरेशनला अर्थ नव्हता. सकाळ-संध्याकाळ डॉक्टर फेरीला येत, काय त्रास होतोय विचारत. "काय तकलीफ न्हाई," ती म्हणे. कागदावर तसं लिहून ते पुढच्या खाटेकडे जात. आम्हालाही ते सोयीचं होतं. डबा द्यायचा, थोडं बसायचं, "आज बरी दिसतेस आत्या" म्हणायचं. मी तर तिला शाळेतले विनोद सांगत होतो.

एका रविवारी सई माझ्याबरोबर आली. बंडूनंतर त्या दोघी पहिल्यांदाच समोरासमोर येत होत्या. सई खाटेशेजारी उभी राहिली. आत्या भिंतीकडे तोंड करून पाय पोटाशी घेऊन पडली होती, अगदी शांत. मी हळू आवाजात म्हणालो, "झोप लागलीय वाटतं."

"झोप नाही ती, बाबा," सई म्हणाली. वाकून तिने आत्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आजी, किती दुखतंय?"

"न्हाई गं. कायबी न्हाई."

"आजी, मी विचारतेय."

आत्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग तिचा चेहरा असा काही मोडला, की मी दुसरीकडे बघू लागलो.

"लई दुखतंय गं," ती म्हणाली. "लई दिवसापून."

सई नर्सला बोलवायला धावली. इंजेक्शन दिलं, रोजच्यासाठी औषध वाढवलं. आत्या त्यानंतर थोडेच दिवस जगली, पण त्या दिवसांत ती कण्हली. मोठ्याने, दिवसाढवळ्या, शेजारच्या खाटेवरची माणसं वळून बघतील इतकी. आणि सई रोज कॉलेज सुटल्यावर तिथे बसून ते ऐकत होती.