नवसाचा बोकड आणि महानुभावांची सून

मखमलाबादच्या मळ्यात झेंडू अन् कोथिंबीर पिकवणाऱ्या वाल्मीकनं चौऱ्याण्णव साली सुवर्णाशी लग्न केलं, तेव्हा गावाला वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला. मुलगी जातीतलीच, पण घर महानुभाव पंथाचं. कृष्णाशिवाय कुणाला हात जोडायचे नाहीत, दुसऱ्या देवाचा नैवेद्य घ्यायचा नाही, मांसाला शिवायचं नाही. आणि वाल्मीकचं घर देवीचं. तिथं नवस फेडायचा म्हणजे बोकडच.

"आमची पोर तुमच्या देवीपुढे वाकायची नाही," सुवर्णाच्या वडिलांनी बोलणीतच सांगून टाकलं.

"नको वाकू दे," वाल्मीकची आई नवसाबाई म्हणाली. "कोथिंबीर उपटायला वाकली तरी लय झालं."

तसं चाललंही बरं. पण पाळणा लवकर हलेना, तेव्हा नवसाबाईनं कुणाला न विचारता देवीला बोकड बोलला. मुलगी झाली, अन् बोललेलं बाहेर आलं.

सुवर्णा शांतपणे म्हणाली, "आत्याबाई, माझ्या लेकरापायी रक्त सांडलं, तर लेकरू घेऊन मी माहेरी जाईन. भांडत नाही, सांगून ठेवते."

"आन् देवीनं लेकरूच परत मागितलं तर?" नवसाबाईनं नातीला पोटाशी धरलं.

दोघीही खऱ्याच घाबरलेल्या. वाल्मीक विहिरीवर जाऊन बसला आणि त्या नादात आपलं पाणी शेजाऱ्याच्या कोबीला पाजून आला.

शेवटी आईपुढे त्याचं काही चाललं नाही. हरसूलच्या बाजारातून त्यानं लहानसा बोकड आणला. जत्रेला अवकाश होता, आणि घरात जनावराचं करणारी एकटी सुवर्णाच. खाऊ घालायला तिच्या पंथाची मनाई नव्हती. गोठ्यात घाण तिला खपत नसे, म्हणून रोज सकाळी पंपाच्या धारेखाली धरून ती त्याला न्हाऊ घालायची. वाल्मीक ते रोज बघायचा, पण त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

जत्रेच्या दिवशी बांधावरच्या देवीपुढे भाऊबंद जमले. रीत अशी, की बोकडावर पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झाडलं तर देवीनं घेतला. नाही झाडलं तर सुरी उचलायची नाही, नवस माफ.

सुवर्णा लांब उभी होती, कडेवर पोर, पायाशी कपड्यांची पिशवी.

चुलत्यानं, सोमानं, ओंजळभर पाणी टाकलं. बोकडानं डोळे मिटले. तांब्या ओतला, तर त्यानं मान पुढे केली. बादली उपडी केली, तरी हा आपला खुशाल रवंथ करतोय.

"बोकड हाय का म्हैस?" सोमा वैतागला.

"जावई दिसतोय. मानपान घेतोय," कुणीतरी म्हणालं. पण हसू लगेच विरलं. सगळे देवीकडे बघू लागले.

नवसाबाईनं दावं सोडलं. "बस कर, सोमा. देवीला नको हाय." मग ती सुनेकडे वळली. "जन्मभर हात म्या जोडले, आन् ऐकलं तुझं."

"मी काही मागितलं नव्हतं, आत्याबाई."

वाल्मीकच्या डोक्यात तेव्हा कुठं पंपाची धार चमकली. तो बायकोजवळ जाऊन हळूच म्हणाला, "रोजची अंघोळ... मुद्दाम घालत होतीस?"

सुवर्णानं गोंधळून त्याच्याकडे पाहिलं. "कशासाठी? अंग झाडायची रीत मला आत्ता कळतेय. इथं मी याआधी आलेच कधी?"

वाल्मीकच्या अंगावर सरसरून काटा आला. त्यानं देवीकडे पाहिलं, मग बायकोकडे. हात नेमके कुणापुढे जोडावेत ते कळेना, तेव्हा त्यानं तिच्या कडेवरची पोर आपल्याकडे घेतली, पिशवी उचलली आणि घराच्या वाटेला लागला.