गव्हाण गचकली तर

अंजली मिसाळ ही लासुर्ण्याची. बारामतीच्या एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कंपनीत ती प्रोग्रॅम लिहायची आणि मी वायरिंग करायचो. सत्त्याण्णव साली तिच्याइतकी हट्टी बाई अख्ख्या तालुक्यात नव्हती, आणि हे मी कौतुकानं सांगतोय.

इंदापूरकडच्या एका साखर कारखान्यासाठी आम्ही यंत्र बनवत होतो. ऊस गव्हाणीतून, म्हणजे सरकत्या पट्ट्यावरून, रस काढणाऱ्या मिलकडं जातो, त्या गव्हाणीचा वेग ते सांभाळायचं. त्यातल्या सिस्टिमला प्रत्येक काम ठरल्या क्षणी करावंच लागे; जरा उशीर झाला की धक्का खाऊन गव्हाण गचकलीच. त्यात कारखान्यानं मागणी केली की सगळे आकडे ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दिसले पाहिजेत. म्हणून ऑफिसातून 'आकडे द्या' असा निरोप घेणारं आणि आकडे धाडणारं नेटवर्क कार्ड आणलं. पण त्या कार्डाशी बोलणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मिळाला तो डॉसचा, म्हणजे ऑफिसातल्या साध्या कॉम्प्युटरसाठीचा. आमच्या सिस्टिमवर तो चालेना.

मालक संभाजीराव म्हणाले, "हे पुण्याच्या कंपनीला देऊ. तू आपली पगारपत्रकांचा प्रोग्रॅम बघ."

अंजली लालबुंद झाली. "चाचणीपर्यंत मला द्या. न्हाय जमलं तर जन्मभर पगारपत्रकंच करीन."

तिनं तो ड्रायव्हर उभा-आडवा उसवला आणि आमच्या सिस्टिमच्या मापानं पुन्हा शिवला. एका दुपारी पहिला निरोप कार्डातून आला! मी धावत जाऊन पेढे आणले. पेढा तोंडात असतानाच अंजली टेबलाकडं वाकली. टेबलावर मोटरच्या जागी मी एक बल्ब लावला होता, एका तालात लुकलुकणारा. निरोप आला की तो अडखळत होता.

"वायर सैल दिसतीय," संभाजीराव म्हणाले.

माझी वायर सैल? मी तडकलो. एकेक स्क्रू त्यांच्या डोळ्यांदेखत आवळून दाखवला. बल्ब अडखळतच राहिला.

"सोमनाथदादा, वायर तुमची पक्की हाय," अंजली म्हणाली, "चूक माझी हाय."

निरोप आला की तिचा ड्रायव्हर बाकी सगळं थांबवून तो अख्खा उतरवून घेत बसायचा. डॉसवर ते खपून जायचं. आमच्याकडं मात्र तेवढ्यात गव्हाण ताटकळायची. तिनं तो भाग उपटूनच काढला. आता ड्रायव्हर 'निरोप आलाय' एवढीच वर्दी देऊन बाजूला व्हायचा आणि गव्हाणीचं काम उरकल्यावर निरोप सावकाश उतरवला जायचा. मी शेजारच्या कॉम्प्युटरवरून निरोपांचा भडिमार केला. बल्बचा ताल जराही चुकेना. मी नाचलो, खरंच नाचलो.

चाचणीला कारखान्याच्या मिलचे मुख्य फोरमन सर्जेराव उभे होते. "ते आकडे पाठवताना गव्हाण एकदा जरी गचकली, तर खोकं उचलायचं आन् चालू लागायचं," त्यांनी आधीच बजावलं. गव्हाण सुरू झाली. बारीकसा धक्काही कळावा म्हणून त्यांनी गव्हाणीच्या कठड्यावर तळहात दाबून धरला. संभाजीराव घाम पुसत होते.

शेवटी सर्जेराव वैतागले. "अगं पोरी, किती येळ उभं करतीस? कर की ते आकडे पाठवायचं चालू!"

"आबा, मघापासनं पाठवतीय. तुमच्या ऑफिसात बघा."

त्यांचा विश्वासच बसेना. या वयात ते चक्क पळत ऑफिसात गेले आणि धापा टाकत परत आले. संभाजीराव पुढं सरसावले, पण सर्जेराव त्यांना ओलांडून थेट अंजलीपाशी आले.

"आमच्या दुसऱ्या मिलला हे खोकं कधी लावतीस?"