शंभरावर अडलेली वायर

आमच्या लोणावळ्यातल्या वलवणच्या घरात इंटरनेट बाहेरच्या खोलीत तीनशे एमबीपीएसच्या वेगाने यायचं आणि मागच्या खोलीत माझ्या टेबलापर्यंत पोचेस्तोवर त्याचे शंभरसुद्धा उरायचे नाहीत. बरं, मध्ये काही घाट लागत नाही. बाहेरची खोली, मग आई झोपते ती मधली खोली, की लगेच माझी. तेवढ्या अंतरात दोनशे कुठे गळतात ते मला कळेना, आणि कळेना म्हणून माझं डोकं फिरायला लागलं.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण ऑफिसचा मेल आला होता. आमची कंपनी मोठ्या इमारतींचे नकाशे करते आणि एकेक फाइल अशी अजस्र असते की ती उघडेपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून यावं. तर घरून काम करणाऱ्यांनी वायर जोडून वेग मोजायचा, त्याचा स्क्रीनशॉट पाठवायचा, आणि तो अडीचशेच्या खाली असेल तर पुढच्या महिन्यापासून हिंजवडीच्या ऑफिसात हजर व्हायचं, असा हुकूम सुटला होता. वाय-फायचा आकडा चालणार नाही, हेही ठळक अक्षरांत होतं. तसंही आमच्या दगडी भिंतींपुढे वाय-फायने कधीच हात टेकले होते.

हिंजवडी म्हणजे सकाळची लोकल, पुढे बस, आणि घरी यायला रात्र. मला त्याचं काही नव्हतं. प्रश्न आईचा होता. गेल्या पावसाळ्यात न्हाणीच्या दारात घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, तरी कुणी हात दिल्याशिवाय ती अजून खाटेवरून उठत नाही. मी गेले की दिवसभर तिच्याजवळ एकटे आबा उरणार होते.

आबा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर टेलिफोन खात्यात लाइनमन. पावसाळ्यात धुक्यात खांब दिसत नसायचा तेव्हा हात लावून खांब ओळखणारा माणूस. मी घरून काम करायला लागले तेव्हा बाहेरच्या खोलीतल्या राउटरपासून माझ्या टेबलापर्यंत वायर त्यांनीच ओढली होती. दाराच्या चौकटीला तिचं वळण असं सुबक बसवलं होतं की पाहुणे आले की चहाच्या आधी ते वळण दाखवायचे. अलीकडे मात्र त्यांचं काहीतरी बिनसलं होतं. विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर द्यायचे, टीव्ही शेजाऱ्यांना ऐकवायचे, आणि टेलिफोन खात्यातला माणूस असून स्वतःचा फोन वाजला तर उचलायचे नाहीत. मी मनाशी म्हणायचे, निवृत्तीनंतर माणूस हेकट होतो तो असा.

इंटरनेटवाल्यांना फोन लावला. तिकडच्या मुलीने गोड आवाजात राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. केला. पुन्हा फोन लावला, तर दुसऱ्या मुलीने त्याहून गोड आवाजात तेच सांगितलं. मग मी पदर खोचला. राउटरच्या एका भोकातली वायर काढून दुसऱ्यात घातली. टेबलाजवळचा वायरचा तुकडा बदलला. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये शिरून काय काय दाबलं. तिथे एक ओळ सापडली: राउटर आणि लॅपटॉप यांच्यातला जोड शंभराचा. म्हणजे इंटरनेट आमच्या दारात तीनशेने येत होतं, पण घरातली वायर म्हणत होती, मी शंभराच्या वर नेणार नाही.

शेवटी लॅपटॉपच उचलून बाहेरच्या खोलीत नेला आणि वीतभर वायरने राउटरला जोडला. जोड हजाराचा, वेग पुरा तीनशेचा. लॅपटॉप बरा, राउटर बरा. चोर मधल्या वायरीत होता. लोणावळ्याच्या दमटपणात मीठ पाणी होतं, तिथे वायरीच्या टोकाला गंज चढला असेल, टोक कापून नवा प्लग बसवला की झालं, असं मी आबांना सांगायला गेले.

"वायरीला हात लावायचा न्हाई," आबा म्हणाले.

"अहो, नुसतं टोक बदलायचंय."

"मी वडलीय ती वायर. लय बेस चाललीय. तुला हापिसात बोलवत्यात तर जा की. मी हाय ना हितं."

हे मला झोंबलं. आईसाठी मी जिवाचा आटापिटा करतेय आणि यांना आपल्या वळणाची पडलीय. मी त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाले, "तुमच्या भरवशावर? तुम्हाला हाक मारली तर तुम्ही ओसुद्धा देत नाही."

त्यांनी पेपर उचलला आणि तोंडापुढे धरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा आईची औषधं आणायला बाजारात गेले. शनिवार होता, म्हणजे मुंबईच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला, त्यांना वेळ लागणार हे मी धरून चालले. पक्कड, नवे प्लग आणि ते दाबायचं हत्यार मी आधीच मागवून ठेवलं होतं. राउटर शोकेसच्या मागच्या कोपऱ्यात आहे. तिथे बसकण मारून मी वायर भिंतीला जिथे संपते ती डबी उघडली.

गंज कसला, तारा लख्ख होत्या. पण आठ तारांपैकी प्लगमध्ये चारच गेल्या होत्या. एक जोडी, निळी, वायरीच्या अंगाला नीट गुंडाळून ठेवलेली. ही लाइनमनची सवय, एक जोडी कायम राखीव. आणि तपकिरी जोडी डबीतून बाहेर पडून भिंतीवरून थेट वर, बुद्धाच्या मूर्तीच्या फळीपर्यंत गेली होती. टेलिफोनवर दोन तारांत माणूस अमेरिकेशी बोलतो, त्यामुळे आठ तारांची वायर म्हणजे आबांना उधळपट्टी वाटली असणार. इंटरनेट चार तारांवर चालतं तर चालवलं. आता चार तारांवर शंभरच मिळतात आणि त्याच्या वर जायला आठही लागतात, हे त्यांना कोण सांगणार? आमचा प्लॅन तेव्हा शंभराच्या आतला होता, म्हणून ते कधी उघडं पडलं नाही.

फळीच्या खाली एक छोटा लाल दिवा होता. गेल्या वर्षी वैशाखी पौर्णिमेला आबांनी मूर्तीभोवती रोषणाई केली होती. माळा उतरवल्या तरी हा दिवा राहिला होता आणि मी त्याला त्या रोषणाईतलाच समजत आले होते. एका जुन्या चार्जरची वायर त्याच्यापाशी आलेली, आणि तिथेच माझ्या तपकिरी तारा पीळ घालून जोडलेल्या. माझी नोकरी चाललीय आणि माझ्या वायरीतून रोषणाई! मी टेप सोलली, पीळ उलगडले आणि त्या दोन्ही तारा खाली ओढून घेतल्या.

एवढ्यात फाटक वाजलं. आबा इतक्या लवकर कसे आले कोण जाणे. मी शोकेसच्या मागे जागच्या जागी थिजले. चाळिशीला टेकलेली बाई, आणि बापाच्या भीतीने हातातली पक्कड सटकली. फरशीवर खणकन आवाज झाला. आता ओरडा बसणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण काहीच झालं नाही. आबांनी चपला काढल्या, औषधांची पिशवी टेबलावर ठेवली, खुर्चीत बसले आणि पेपर उघडला.

थोड्या वेळाने मधल्या खोलीतून आईची हाक आली. "अहो."

आबा पेपर वाचत होते.

"अहो, ऐकलं का? जरा या हितं."

मी शोकेसच्या फटीतून बघत होते. माझा संताप होत होता. उठत का नाहीत? बायको हाक मारतेय, ही कसली बैठक? आबांनी पान उलटलं. मान वर करून फळीकडे पाहिलं. पुन्हा पेपरात घातली. आईने आता आवाज चढवला, मला तर ती कानाशी ओरडतेय असं वाटलं. आबांनी पुन्हा वर पाहिलं, शांतपणे, घड्याळ बघावं तसं. दिवा बंद होता. ते निवांत वाचायला लागले.

मग मला कळलं.

मी त्या दोन तपकिरी तारा धरून भिंतीला टेकून उभी राहिले, हात लांब करून एक पीळ घातला, दुसरा निसटला. घातला. लाल दिवा लागला. आबांच्या हातातला पेपर त्याच क्षणी खाली गेला. ते उठले आणि पंचविशीतल्या माणसासारखे झपाझप मधल्या खोलीत गेले. "आलो, आलो," म्हणत होते. मी शोकेसच्या मागे उभीच होते, आणि त्यांनी मला पाहिलंही नाही.

मी मागोमाग गेले. आईच्या उशाखाली दाराच्या घंटेचं असतं तसं एक पांढरं बटण होतं, तिचा अंगठा अजून त्यावर दाबलेला, आणि वरून जाणाऱ्या माझ्या वायरीतून तपकिरी तारा तिथपर्यंत उतरवलेल्या होत्या. आबांनी आईला उठवून न्हाणीपर्यंत नेलं, आणून बसवलं. ते पाणी आणायला गेले तेव्हा मी आईला विचारलं, "कधीपासून?"

"मी पडले तवापासून," आई म्हणाली. "त्या दिवशी न्हाणीत जायच्या आदी मी हाक मारली व्हती त्यानला. लय हाका मारल्या; तुज्या कानाला हेडफोन. आले न्हाईत म्हनून एकलीच निगाले. दवाखान्यातनं घरी आल्यावर बटन लावलं त्यांनी. मला म्हनले, कुनाला सांगू नको."

"मलासुद्धा?"

"तुला तर मुळीच न्हाई."

मी गेले वर्षभर त्यांना हेकट म्हणत होते. वर्षभर तो माणूस रोज ती फळी राखत बसला होता, पेपर वाचतानासुद्धा एक डोळा दिव्यावर ठेवून. आणि मी रागाने पेटले होते, ते वायरीसाठी. मला रडू आलं. आई म्हणाली, रडायला काय झालं, कान गेलेत, माणूस हाय की. तिच्या या बोलण्यावर मला हसूही आलं.

संध्याकाळी मी आबांच्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि विचारलं, "डॉक्टरकडे का नाही गेलात?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. बरेच दिवस ते असंच बघत असणार. मला वाटायचं, रोखून बघतात; ते ओठ वाचत होते.

"फोनखात्याच्या माणसाला ऐकू येत न्हाई म्हनलं तर लोक हसत्याल," ते म्हणाले. आणि पुढे, "आन तू नोकरी सोडून बसशीला. म्हनशीला, आता म्हातारीला ह्याच्यावर कसं सोडायचं."

तेच तर मी म्हटलं असतं.

"दिवा कदी चुकला न्हाई," आबा म्हणाले. "आजच तेवढा उशिरा लागला म्हनली तुजी आई."

आज का उशीर झाला हे मी त्यांना सांगितलं. वाटलं होतं, भडकतील. ते उठले, फळीखाली गेले, मी घाईत घातलेले पीळ निरखून पाहिले, च्यक केलं, आणि ते सोडून स्वतः नीट बांधून टेप मारायला घेतलं. चार तारा आणि आठ तारांचं गणित मी त्यांना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी चित्रातल्या आठही रेघांवरून बोट फिरवलं. "मंजी चूक माजीच," म्हणाले, आणि मला ते ऐकून बरं वाटलं नाही.

मग आम्ही बाजारातून नवी वायर आणली. जुन्या वायरीला हात लावायचा नाही, ती आईची, असं ठरलं. नवी तिच्या शेजारून ओढायची. मी स्टुलावर, आबा खाली, आणि खिळा कुठे ठोकायचा हे ते खालून बोटाने दाखवणार. या वेळी आठही तारा प्लगात घातल्या, रंगांचा क्रम मी कागदावर बोट ठेवून दाखवायचा आणि आबांनी लावायचा. त्यांचे हात अजून थरथरत नाहीत. माझ्या टेबलावर जोड हजाराचा दिसला आणि वेग तीनशेच्या काठाला गेला तेव्हा मी अंगठा वर करून दाखवला, कारण ओरडून उपयोग नव्हता. स्क्रीनशॉट ऑफिसला गेला. त्यांचं उत्तर दोन शब्दांचं आलं. हिंजवडी टळली.

कानाच्या डॉक्टरांचं नाव काढलं की आबा अजून "बघू" म्हणतात. मी सोडणार नाही, पण ते नेहमीचं भांडण आहे, चालू राहील.

त्या आठवड्यात मी त्यांना म्हटलं, "माझ्या टेबलालाही एक बटण लावा."

"तुला कशापायी? तुला काय झालंय? चालत येशीला की."

"आई बटण दाबते तेव्हा तुम्ही उठून जाता. मलाही कधी तुम्हाला बोलवावंसं वाटतं."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली, मग म्हणाले, हिरवा दिवा मिळतोय का बघतो. मिळाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बटण बसवलं, तपासलं आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले. मी कामाला लागले. दुपारी एक फाइल उघडायला घेतली होती, ती आता झटक्यात उघडली आणि हाताला काही उद्योग उरला नाही. मी बटण दाबलं.

ते लगेच दारात आले. "काय? काय झालं?"

"काही नाही. बसा ना जरा."

ते माझ्या खाटेच्या कडेला अवघडून बसले. मी कानावरचा हेडफोन काढला, खुर्ची त्यांच्याकडे वळवली, खिडकीचा उजेड माझ्या तोंडावर पडेल अशी बसले, आणि सावकाश बोलायला लागले.