जंतांचा गूळ

लहानपणी मी झोपेत दात खाल्ले की आई सकाळी म्हणायची, "ह्याला लय जंत झालेत." मग आधी गुळाचा खडा मिळायचा आणि त्यामागून वावडिंगाचा कडू काढा.

"गुळाच्या वासानं समदे जंत एका जागी येतेत," ती सांगायची. मला राग यायचा. एरवी मागून न मिळणारा गूळ, तोही माझ्यासाठी नाही, जंतांसाठी!

आता पाथरीत लेकीच्या शाळेत जंतांची गोळी देतात. यंदा त्या दिवशी मी तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

"कशाला, बाबा? गोळी गोडच असती की."

ती गेल्यावर खडा मीच तोंडात टाकला. तो विरघळला, तरी जीभ कितीतरी वेळ काढ्याची वाट बघत राहिली.