माझा बा पीत नव्हता

वरणाच्या वाटीतून वहिनींनी केस काढला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. टेबलाभोवती पाहुणे. मी पोळ्यांचा डबा घेऊन तिथेच उभी.

अंबरनाथ पश्चिमेला, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या साहेबांच्या घरी मी स्वयंपाक करायचे. वहिनी मला आत घेऊन गेल्या. फळांची रिकामी प्लास्टिकची पिशवी माझ्या डोक्यावर ओढली, मागे गाठ मारली. "आता वाढ." मी गेले वाढायला. लाज वाटली. त्याहून जास्त राग आला, मी गेले याचा.

एका पाहुणीने विचारलं, "एवढ्याशा वयात हिचे केस असे कसे गेले?"

सुट्टी मागताना मी वहिनींना माझा आजार सांगितला होता. तो साहेबांपर्यंत पोचला होता. ते हसले. "लिव्हर गेलंय. बाप पिऊन मेला, आता ही. यांच्या पाड्यांवर पोरंसुद्धा पितात हो."

बोलताना त्यांच्या हातात ग्लास होता. बर्फ मीच घालून दिला होता.

माझा बा बारवी धरणाकडच्या डोंगरातला. दारूच्या वासानेच त्याला मळमळायचं. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, तेव्हा दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "किती पितो?" पितो का, असं नाही. किती. आई अजून सांगते, "पेत नाय म्हनलं त डॉक्टर हसला. मंग मी गप रायले." बा गेला. पाड्यावरही दारूच ठरली.

माझं निदान यंदा झालं. या डॉक्टरीणबाईंनी बसवून घेतलं. म्हणाल्या, हा आजार आईबाप दोघांकडून येतो. अन्नातून अंगात आलेलं तांबं बाहेर पडत नाही, लिव्हरमध्ये साठतं. बालाही हाच असणार.

"आणि केस?"

"लिव्हर बिघडलं की केसही गळू शकतात. तुझ्या अंगात रक्त कमी आहे, त्यानेही गळतात. नक्की कशाने, ते आत्ताच सांगता येणार नाही. पण तू दारू पीत नाहीस, तेव्हा दारूने नाही. धाकट्या बहिणीला तपासायला आण. वेळेत कळलं तर ती नीट राहील."

बहीण यायला तयार नाही. "तिथं पन इचारतील, कती पितेस. मना नाय यायचा."

साहेब हसत होते तेव्हा मला तीच दिसत होती. पिशवीची गाठ सुटेना. मी ती फाडली.

"साहेब, माझा बा पीत नव्हता. तुम्ही पिता."

मग वहिनी म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

काम गेलं. दुसरं मिळालेलं नाही, आणि त्याची भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण डोक्यावर ओढणी घेत नाही. विरळ दिसतं, दिसू दे. पाड्यावर विचारतात त्यांना आजार काय तो सांगते, बाच्या नावासकट.

उद्या बहिणीला घेऊन जाणार आहे. रडली तरी. तिथे कोणी "किती पितेस" विचारलं, तर उत्तर मी देणार. आणि ते मी सांगेन तसं लिहून घेतल्याशिवाय तिथून उठणार नाही.