बरगंडीच्या वाटेवर मी नव्हतो

पास्कल गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलो होतो. शुक्रवारची सकाळ होती. अल खोरच्या समुद्राकाठी करक चहाच्या दुकानापाशी सायकल टेकवून मी त्याची वाट बघत होतो. सप्टेंबर सरत आला की कतारमध्ये सायकली पुन्हा बाहेर निघतात, आणि उन्हाळाभर बंद पडलेल्या आमच्या फेऱ्या त्या दिवशी सुरू व्हायच्या होत्या. तो कधी उशीर करायचा नाही, आणि फोनही उचलत नव्हता. शेवटी त्याच्या नंबरवरून फोन आला तेव्हा पलीकडचं न ऐकताच मी म्हणालो, "कुठे उलथलायस?" पलीकडे त्याची बायको, फिलोमिनावहिनी होत्या. त्या नर्स आहेत, आणि त्यांचा आवाज ड्युटीवरचा वाटावा तसा सपाट होता. पास्कल खाली पार्किंगमध्ये चाकात हवा भरता भरता कोसळला होता. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्या स्वतःच त्याची छाती दाबत राहिल्या होत्या, पण... "अवीभाऊ, तुम्ही या," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

पास्कल वसईचा, मी नाशिकचा. रास लफानच्या गॅस प्लँटवर एकाच कंपनीत आम्ही कामाला होतो आणि ओळख झाली ती कंपनीच्या बसमध्ये. मी कानात काहीतरी ऐकत बसायचो, तो शेजारी बसून फोनवर सायकलींची चित्रं बघायचा. एकदा त्याने एक चित्र माझ्यासमोर धरलं. फ्रान्समधला एक कालवा, काठाने उंच झाडांची रांग आणि त्याखालून जाणारी अरुंद वाट. "इथे सायकल चालवायची," तो म्हणाला, जणू पुढच्या थांब्यावर उतरायचं होतं. मला सायकलीतलं फारसं कळत नव्हतं, पण इतिहासाचं वेड लहानपणापासूनचं. त्या कालव्याच्या आसपास काय आहे ते मी शोधू लागलो आणि शोधतच राहिलो. माझी बायको मुलाच्या शिक्षणासाठी नाशिकला, मी इथे एकटा. त्यामुळे शुक्रवारची दुपार पास्कलच्या घरी ठरलेली असायची. जेवणं झाली की टेबलावर त्या कालव्याच्या प्रांताचा, बरगंडीचा, मोठा नकाशा पसरायचा. दिजाँ शहरातून निघायचं, कालव्याच्या काठाने जायचं, फ्लाविन्यीच्या टेकडीवर चढायचं, फोंतनेचा जुना मठ बघायचा आणि शेवटी वेझलेच्या उंचावरच्या चर्चपाशी थांबायचं. ती वाट मी आखली. कुठल्या मठातले साधू लोखंड वितळवायचे, कुठल्या चर्चच्या दारावर काय कोरलंय, हे मी वाचून दाखवायचो. तो मात्र चढ किती आहे एवढंच विचारायचा. त्याची मुलगी रिया टेबलाखाली गुडघ्यावर पुस्तक घेऊन बसलेली असायची आणि मध्येच इंग्रजीत म्हणायची, अंकल, तुम्ही चाललाय सायकल चालवायला की परीक्षेला?

जायचं मात्र राहत गेलं. कधी कुणाला सुट्टी नव्हती, कधी माझ्या वडिलांचं आजारपण आलं. एका वर्षी पास्कल भारतातून बराच हडकून परतला. विचारलं तर टायफॉइड झाला होता म्हणाला. यंदा मात्र नक्की ठरलं होतं, आणि नेमका माझ्या युनिटच्या शटडाउनचा कार्यक्रम लागला. शटडाउनमध्ये प्लँट बंद करून सगळी दुरुस्ती करतात. त्या दिवसांत सुट्टीचं नाव काढायची सोय नसते. मला फार वाईट वाटलं. पास्कलनेच समजूत काढली. म्हणाला, बरगंडी कुठे पळून चाललीय, पुढच्या मे महिन्यात जाऊ. मीही नाही जात, घराची डागडुजी काढलीय, वसईला जाऊन येतो. मी त्याला विमानतळावर सोडायला निघालो होतो, तर म्हणाला नको, तू ड्युटीवरून दमून येतोस, मी टॅक्सी करतो.

परत आल्यावर तो उन्हाने रापलेला होता. वसईचं ऊन, असं मी म्हणालो आणि तो हसला. त्यानंतर शुक्रवारचं जेवण काही झालं नाही. वहिनींच्या ड्युट्या आहेत, रियाची परीक्षा आहे, असं काही ना काही निघत गेलं. मग वहिनी आणि रिया शाळेच्या सुट्टीत वसईला गेल्या, आणि माझंही शटडाउन लांबलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायला कारण तरी काय होतं...

त्याला वसईला नेऊन मातीत ठेवून वहिनी परत आल्या, तेव्हा मी भेटायला गेलो. घरात खोकी भरली जात होती. घर कंपनीचं होतं, ते सोडून त्या दोहातल्या अल सद्दला, आपल्या हॉस्पिटलच्या जवळ फ्लॅट घेणार होत्या. त्यांनी चहा केला, समोर बसल्या आणि कप माझ्याकडे सरकवला. मग हळू आवाजात विचारलं, "अवीभाऊ, फ्लाविन्यीच्या चढावर त्यांना धाप लागली होती का? खरं सांगा. तुम्ही शेजारीच होतात."

मला प्रश्नच कळला नाही. त्यांना वाटलं मी टाळतोय. त्या बोलत गेल्या आणि मी ऐकत गेलो. टायफॉइड नव्हताच. त्या वर्षी मुंबईत पास्कलच्या हृदयात स्टेंट बसवला होता, आणि डॉक्टरांनी एकट्याने लांब सायकल चालवायला साफ मनाई केली होती. वहिनी फ्रान्सला पाठवायला तयारच नव्हत्या. शेवटी हो म्हणाल्या त्या एकाच गोष्टीवर, की अवी बरोबर आहे. अवीला गोळ्यांच्या वेळा माहीत आहेत, अवी त्याला चढावर उतरायला लावील. "तुम्ही होतात म्हणून मी निवांत झोपत होते," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. एवढ्यात रिया येऊन उभी राहिली आणि म्हणाली, अंकल, डॅडी म्हणाले तुम्ही कालव्यात पडता पडता वाचलात, बोर्ड वाचत सायकल चालवत होतात म्हणून.

मी काय करायला हवं होतं? तिच्या आईच्या डोळ्यांत आधीच पुरेसं दुःख होतं. मी म्हणालो, नाही वहिनी, धाप वगैरे काही जाणवली नाही. आणि रियाला म्हणालो, हो, थोडक्यात वाचलो. खाली येऊन गाडीत बसलो तेव्हा सगळा हिशेब लागला. मला वसईला जातो सांगून, माझ्याशिवाय तो माझी वाट चालून आला होता. माझं नाव तारण ठेवून गेला होता. मला न सांगितलेल्या दुखण्याचा राखणदार म्हणून त्याने मला नेमलं होतं, आणि आता त्या राखणीत मी कमी पडलो असं त्याच्या बायकोला वाटत होतं. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हे सगळे सांगतात. पण त्याच्यासाठी खोटं बोलावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दोहाच्या चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्साची प्रार्थना झाली तेव्हा निखिल भेटला. निखिल पुण्याचा, दोहातल्या वेस्ट बे भागात नोकरी करणारा, आमच्या सायकलच्या गटातला सगळ्यात दमदार पोरगा. त्याला गटात मीच आणलं होतं. बाहेर आल्यावर तो माझा हात धरून रडायला लागला. म्हणाला, अवीदादा, तुमच्यामुळे मला त्यांच्याबरोबर फ्रान्स बघायला मिळालं. मी त्याला बाजूला घेतलं. पास्कलने त्याला सांगितलं होतं ते आणखी वेगळं. अवीचं शटडाउन आहे, तोच म्हणाला तुम्ही दोघं जाऊन या. पण मनातून त्याला लागलंय, तेव्हा ग्रुपवर फोटो टाकू नकोस आणि त्याच्यापुढे विषय काढू नकोस. निखिल बिचारा माझ्या भावना जपत गप्प बसला होता. हृदयाचं त्यालाही ठाऊक नव्हतं. फ्लाविन्यीच्या चढावर पास्कल खाली उतरून दगडी भिंतीला टेकून बसला होता, गॅस झालाय म्हणाला, पाणी प्यायला आणि पुन्हा निघाला.

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. माझ्याबद्दल काही बोलला का तिथे?

निखिल घुटमळला. मग म्हणाला, "एकदा म्हणाले, अवी असता तर आपण अजून पहिल्याच चर्चमध्ये असतो." मग त्याने पुढचंही सांगितलं. "आणि म्हणाले, बरं झालं नाही आला. त्याने मला चढू दिलं नसतं."

हे दुसरं वाक्य घेऊन मी आठवडाभर फिरलो. प्लँटवर, बसमध्ये, स्वयंपाक करताना. पुढे एका संध्याकाळी अल सद्दच्या नव्या फ्लॅटवर गेलो आणि वहिनींना सगळं सांगितलं. मी तिथे नव्हतो, मला तुमच्या नवऱ्याच्या छातीतलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो. मला वाटलं चिडतील, नाहीतर रडतील. त्या उठल्या, खिडकी लावली, परत येऊन बसल्या.

"म्हणजे आपल्या दोघांनाही फसवलं त्याने," त्या म्हणाल्या. नवऱ्याला अहोजाहो करणाऱ्या वहिनी पहिल्यांदा 'त्याने' म्हणाल्या होत्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. फ्रान्सहून तो रोज फोन करायचा आणि प्रत्येक ठिकाणची माहिती द्यायचा. हा मठ कुणी बांधला, साधू कुठे झोपायचे, लोखंडाची भट्टी कशी चालायची... आणि दर वेळी म्हणायचा, हे अवी सांगतोय. आता इथे अवीने थांबवलंय, आता अवी पाटी वाचतोय. वहिनींना वाटायचं मी शेजारी उभा आहे. ते सगळं मी टेबलाशी बसून वर्षानुवर्षं वाचून दाखवलेलं होतं. मला वाटायचं तो फक्त चढ मोजतोय, पण त्याने शब्द न् शब्द ऐकला होता. "तुमची आठवण काढत होता, असं समजा," वहिनी म्हणाल्या. समजायचा मी प्रयत्न केला. पण खरं सांगतो, त्यामुळे मन काही निवलं नाही. माझी बडबड त्याला बरोबर हवी होती, मी नको होतो. मी असतो तर त्याला चढावर थांबवलं असतं, वहिनींना फोन केला असता, आणि तो चिडला असता आणि कदाचित आज असता. की नसता? हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि ही अनिश्चितता तो आम्हा दोघांना वाटून देऊन गेला.

हे लिहू का, असं मी वहिनींना विचारलं होतं. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहितात, तेव्हा त्यांना ते आवडणार नाही असं मी गृहीत धरलं होतं. त्या म्हणाल्या, "लिहा. चांगला होता तेही लिहा, खोटारडा होता तेही लिहा. मी एकटीने किती लक्षात ठेवू?" तेव्हा हेही लिहितो, की माझे वडील गेले तेव्हा रात्रीच्या विमानाचं तिकीट काढून माझी बॅग पास्कलने भरली होती, आणि वडिलांच्या दिवसांना घालायला पांढरा शर्ट आठवणीने वर ठेवला होता. असा माणूस मला असं कसं फसवू शकला, याचं उत्तर मला मिळालेलं नाही.

थंडी पडल्यावर मी पुन्हा सायकल काढली. गेल्या शुक्रवारी निखिल दोहाहून आला आणि आम्ही अल थखिराच्या खारफुटीकडे निघालो. इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे सायकलवाल्याच्या डाव्या हाताला भरधाव ट्रॅफिक. पास्कल कायम माझ्या डावीकडे असायचा. आम्ही इतकी वर्षं त्या रस्त्याने गेलो, पण गाड्यांच्या बाजूला त्याने मला कधी येऊ दिलं नाही. त्याबद्दल तो काही बोलायचाही नाही, नुसता पुढे येऊन त्या बाजूला सरकायचा. आता मी रस्त्याच्या कडेने चालवत होतो आणि डावीकडे सायकलभर जागा आपोआप सुटत होती. निखिलने मागून वेग घेतला आणि तो त्या जागेत आला. चांगला पोरगा आहे, मला आधार वाटावा म्हणूनच आला असेल.

"तिथे नको," मी म्हणालो. "मागे राहा."

त्याने कारण विचारलं नाही. ब्रेक दाबून तो मागे गेला, आणि खारफुटी दिसायला लागेपर्यंत आम्ही तसेच, एकामागे एक, चालवत राहिलो.