परसातला रणगाडा

रत्नागिरीत माणसाने आंबे विकत आणू नयेत असा काही कायदा नाही. तरी बाजारातून आंब्यांची पिशवी आणणारा आमच्या आळीत भिंतीच्या कडेकडेने यायचा. ऐंशीच्या दशकातल्या त्या मे महिन्यात नवा जावई लग्नानंतर पहिल्यांदा आंब्याला आलेला, आणि नेमकी झाडे रुसलेली. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष झोपतो. त्या वर्षी विहिरीजवळच्या एकाच झाडावर थोडे आंबे होते, आणि त्यांच्यावर आईची जितकी नजर, तितकीच वानरांची.

"जावयाच्या ताटात घरच्या झाडाचा रस पडला पाहिजे," आई म्हणाली. "नाहीतर साताऱ्याला आमचं काय नाव निघेल!"

भावोजी साताऱ्याकडचे, सैन्यात रशियन टी-७२ रणगाड्यावर गनर. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "आंबं माझ्यावर सोडा, मामी."

दुपारी ओटीवर त्यांनी पाटावर तांब्या आडवा ठेवून आम्हाला रणगाडा समजावला. गनरने लक्ष्यावर खूण धरायची, बटण दाबायचे. लेझरचा किरण जाऊन परत येतो, अंतर कळते, आणि तेवढ्या बेताने तोफेची नळी आपोआप उचलली जाते. हवेचे तापमान, दारूचे तापमान, नळीची झीज, हे आधी हाताने भरून ठेवायचे. रणगाडा खड्ड्यातून उडाला तरी नळी लक्ष्यावरून ढळत नाही. गोळा भरायलाही माणूस नको, खालून यंत्रच उचलून देते.

"आणि वारा?" शेजारच्या तांडेलाने विचारले. त्याची उमर होडी हाकण्यात गेलेली.

"त्याचा अंदाज आपला आपणच घ्यायचा."

"म्हंजे रशियावाल्यांना वाऱ्यातला काय कळत नाय," तांडेलाने निकाल दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात हातगाडीवर गलोलीसारखी फणसाची दुबेळकी फांदी उभी राहिली. तिला सायकलची ट्यूब बांधली, गाडी सरकू नये म्हणून चाकांना नारळांची उटी लावली. विहिरीचा दोर घेतलेले बाबा म्हणजे लेझर. मी भौतिकशास्त्रात काठावर पास झालेला, म्हणून गणकयंत्र. खालून खडे उचलून देणारे यंत्र माझी ताई. ती लग्नातल्या साडीत हातगाडीखाली बसली.

"अहो, किती वेळ बसायचं?"

"यंत्रानं बोलायचं नसतं."

"घरी चला, मग बोलतंच यंत्र!"

दहाच्या सुमारास वानरे आली. बाबा दोराचे टोक धरून अंतर मोजायला झाडाकडे निघाले. दोन्ही हातांत दोर घेऊन येणारा उघडा माणूस पाहताच वानरांनी कौलांवर उड्या मारल्या आणि ती पार पलीकडच्या वाडीत गेली. एकही आंबा गेला नाही. स्वयंपाकघराच्या दारात आईने हात जोडले.

भावोजींचा मात्र चेहरा पडला. "मामा, लक्ष्यच घालवलंसा की!"

"वानरं जायला हवी होती ना? गेली."

"अशी न्हाई घालवायची!"

बाबा ओशाळले. जावयाचा पहिला सण आणि आपल्या हातून हे असे. मग आम्ही सगळे गोठ्याआड लपून वानरे परत येण्याची वाट बघू लागलो. लवकर यावीत म्हणून तांडेलाने झाडाला बांधलेला खडखड वाजणारा डबासुद्धा सोडून आणला. एवढी माणसे होती तिथे, पण यात काही चुकते आहे असे एकालाही वाटले नाही.

वानरे आली. या खेपेस सगळे जय्यत होते.

"सव्वा दोर!" बाबांनी अंतर सांगितले.

मी उन्हात तापलेल्या ट्यूबला हात लावून दारूचे तापमान घेतले. "दोन बोटं वर!"

ताईने खडा दिला. भावोजींनी एक डोळा मिटून ट्यूब कानापर्यंत ओढली. "वारा?"

"मतलई," तांडेल म्हणाला. "जमिनीवरचा. उजवीकडं धरा."

"मतलई पहाटेची," बाबा म्हणाले. "आता समुद्रावरचा खारा वारा सुटलाय. डावीकडे."

"जलम दर्यात गेला माझा!"

"माझा या परसात गेला! विहिरीपाशी वारा वळतो."

"वारा सांगा!" भावोजी ताणलेली ट्यूब धरून ओरडले.

"वारा का सांगून वळतो?" तांडेल म्हणाला.

वानरे फांदीवर ओळीने बसून हे ऐकत होती आणि खात होती. झाडाखाली साली पडत होत्या. शेवटी गणकयंत्राने, म्हणजे मी, दोघांचाही मान राखला. "मधोमध धरा!"

खडा सुटला आणि विहिरीत पडला. वानरांनी विहिरीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि पुढचा आंबा तोडला.

मग आई उलथने घेऊन आली. तिने अंतर मोजले नाही, वाराही विचारला नाही. वानरे गेली, पण झाडावर दोनच आंबे राहिले होते.

ते तिने उतरवून गवतात पिकत घातले. भावोजींची रजा संपायच्या आदल्या दिवशी ते पिकले. दोन्ही मिळून एक वाटी रस झाला. आम्ही सगळे आमटीभात घेऊन पंगतीला बसलो, आणि आईने ती केशरी वाटी जावयाच्या ताटात ठेवली. तीत साखर नाही, पाण्याचा थेंब नाही. असल्या रसात काही घालणे आमच्याकडे पापात जमा. सगळ्यांचे घास हातात थांबले.

भावोजींनी वाटी उचलली, प्रेमाने हुंगली आणि म्हणाले, "मामी, यात घालायला जरा दूध मिळंल का?"

बाबांनी डोळे मिटून घेतले. आई आत गेली आणि दुधावरची साय बाजूला न सारता पेलाभर दूध घेऊन आली.